न तपासलेली बाटली

पाणीपुरवठा खात्यात पाण्याचे नमुने तपासण्याच्या टेबलावर ज्यांनी उभी नोकरी काढली, त्या गृहस्थांना घराकडची सगळी इमारत नमुनेसाहेब म्हणत असे. हे कौतुक होतं की टिंगल, याचा निकाल त्यांनी स्वतःच कौतुकाच्या बाजूने लावून टाकला होता. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून त्यांच्यासमोर येई आणि 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असा शेरा घेऊन जाई. मधलं काही त्यांना मंजूर नव्हतं. एकदा खात्याच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या बंगल्यातलं पाणी त्यांनी अयोग्य ठरवलं होतं आणि त्यापायी त्यांची बढती हुकली होती. ती हकीकत ते इतक्यांदा सांगत, की सुरुवात झाली की बायको स्वयंपाकघरात जाई आणि शेवटाला बरोबर परत येऊन बसे.

अशा माणसाचे चिरंजीव कॉलेजात असताना नशेच्या गोळ्यांच्या नादी लागले. कसे लागले, कुणामुळे लागले, आपल्याला कळलं कसं नाही, या चर्चेत नवराबायकोने पुष्कळ रात्री घालवल्या आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही, तेव्हा आपणही तिथे अडकायला नको. चिरंजीव उपचार केंद्रात राहून घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. चहाचा कप धरताना हात थरथरत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना सांगितलं होतं की या मुलांना सकाळ फार जड जाते. उठल्याबरोबर नेमाने काहीतरी करू द्या, योगासनं म्हणा, प्राणायाम म्हणा. नमुनेसाहेबांनी मान हलवली. एवढीशी गोष्ट, असं त्यांना वाटलं. माणसाला एकदा 'एवढीशी गोष्ट' असं वाटलं की त्याचे हाल सुरू होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात एक माणूस हातपाय पसरून आडवा झाला की बाकीच्यांना जिन्यात उभं राहावं लागे. म्हणून गच्ची. गच्चीची किल्ली इमारतीच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी कारण लेखी दिल्याशिवाय किल्लीच काय, वेळसुद्धा सांगत नसत. आता कारण काय द्यायचं? चिरंजीव इतके दिवस परगावी प्रशिक्षणाला गेले होते, असं इमारतीत सांगून झालेलं. नमुनेसाहेबांनी बराच वेळ पेन चावलं आणि अर्जात लिहिलं, 'कंबरदुखीवर उपचार म्हणून योगासने करण्यासाठी'. कंबर अर्थातच स्वतःची. मुलगा आपला सोबतीला.

अर्ज संध्याकाळी दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या इमारतीला नमुनेसाहेबांची कंबर ठाऊक झाली. कंबर हा विषयच असा, की त्यावर मत नाही असा माणूस सापडत नाही. समोरच्या आजींनी पट्टा आणून दिला. सेक्रेटरींनी स्वतः वापरलेली लाकडी फळी पाठवली आणि तिच्यावर झोपता की नाही हे बघायला ते दोनदा येऊन गेले. तळमजल्यावर कंपाउंडर राहत. हे एका डॉक्टरांच्या हाताखाली आयुष्यभर पुड्या बांधून निवृत्त झालेले. डॉक्टर वारल्यापासून त्यांची प्रॅक्टिस आपण जिन्यात चालू ठेवली आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी नमुनेसाहेबांना पहिल्या पायरीवर थांबवलं, शर्ट वर करायला लावला आणि मणक्यावर असा काही अंगठा दाबला, की नसलेली कंबरदुखी त्या क्षणी खरी झाली. त्या दिवसांत नमुनेसाहेब इमारतीत खरं बोलले असं कुणाला दाखवायचं झालं, तर ते एवढ्या कमरेपुरतं.

सेक्रेटरींची अट होती की उजाडायच्या आत गच्ची मोकळी करायची, कारण मग कपडे वाळत पडतात. त्यामुळे अंधारात, गार फरशीवर सतरंजी टाकून बापलेक शेजारीशेजारी पडत. चिरंजीव पुस्तकात बघून शिकत होते. नमुनेसाहेब शिकत नव्हते, ते देखरेखीला होते. शवासनात डोळे मिटायचे असतात. त्यांनी चिरंजीवांच्या बाजूचा डोळा कधी मिटला नाही. मुलगा मध्येच उठून कठड्याकडे गेला की हे मेलेल्या अवस्थेतून ताडकन उठून बसत. मुलाला ते कळत असणारच. "बाबा, श्वास सोडा, किती वेळ धरून ठेवलाय," एवढंच एकदा म्हणाला.

दिवस जात राहिले आणि हाताची थरथर थांबली. ते नमुनेसाहेबांनी पाहिलं, नीट पाहिलं, आणि त्यांचे डोळेही भरून आले. पण एका बाटलीवरून पाण्याचा निकाल द्यायचा नसतो, अशी त्यांची शिस्त होती. त्यांनी आनंद राखून ठेवला.

आणि मग त्यांना मुलाच्या गादीखाली पुडी सापडली.

गादी उचलून बघायची नाही, असं उपचार केंद्रात दोघांकडून वदवून घेतलं होतं. नमुनेसाहेबांनी गादी उचलली नव्हती. ती ते 'झटकत' होते. पुडीत पांढरी पूड होती आणि शेजारी लांब चोचीचं एक विचित्र भांडं. बायकोला न सांगता त्यांनी पुडी डब्याच्या पिशवीत घातली, कार्यालयात नेली आणि मधल्या सुट्टीत, दार लावून, ज्या यंत्रांवर शहराचं पाणी तपासतात त्यांवर चिरंजीवांची पुडी तपासली. मीठ निघालं. साधं, खाण्याचं, उत्तम प्रतीचं मीठ. भांडं जलनेतीचं होतं; एका नाकपुडीतून कोमट मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढायचं. चिरंजीवांनी ते लपवलं, याचंही कारण होतं. कोणतं पाणी नाकात घालणं योग्य यावर वडिलांनी महिन्याभरापूर्वीच त्यांना तासभर व्याख्यान दिलं होतं.

दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता. नमुनेसाहेबांचा अर्धाच पडला. त्यांनी पुडी जशी होती तशी बांधून गादीखाली ठेवली. फक्त हाताच्या सवयीने तिच्यावर चिठ्ठी डकवली गेली होती, नमुना घेतल्याचं ठिकाण, तारीख आणि खाली सही. हे त्यांच्या लक्षात आलं रात्री. सकाळी भांडं आणि मिठाची बरणी उघडउघड बेसिनवर मांडलेली होती. चिठ्ठी नव्हती.

याच सुमाराला गच्चीतल्या गारठ्याने नमुनेसाहेबांना खोकला धरला. खोकल्यावरही इमारतीचं मत होतंच, पण इथे कंपाउंडरांनी कुणाला पुढे येऊ दिलं नाही. त्यांनी कपाटाच्या तळातून एक तपकिरी बाटली काढली. "हे आता दुकानात मिळत नाही," ते म्हणाले, "डॉक्टरची चिठ्ठी मागतात. डॉक्टरांच्या वेळचा फॉर्म्युला आहे. झोप कशी लागते बघा." झोप खरोखरच अशी लागली, की नमुनेसाहेब शवासनात पहिल्यांदाच दोन्ही डोळे मिटून घोरले. छातीत ऊब येई, काळजी जराशी लांब जाऊन बसे. सुरुवातीला चमचा होता. मग चमचा शोधायचा कंटाळा येऊ लागला. बाटली संपली की कंपाउंडर दुसरी देत, आणि नमुनेसाहेब कार्यालयात त्या औषधाची इतकी स्तुती करत, की शिपायानेसुद्धा पत्ता विचारला. ज्या माणसाने आयुष्यात अनोळखी नळाचं पाणी प्यायलं नाही, त्याने त्या बाटलीवरचं लेबल एकदाही वाचलं नाही. कंपाउंडर ओळखीचे होते ना.

एके दिवशी चिरंजीव जेवताना म्हणाले की शहराबाहेर टेकडीवर एक योगकेंद्र आहे, तिथे वर्षभर राहून शिक्षक होता येतं. तिथे शिकावं असं मनात आहे. मनात आहे, हे शब्द त्या घरात किती तरी दिवसांनी उच्चारले गेले होते. आईने डोळ्यांना पदर लावला. नमुनेसाहेब खोकले आणि म्हणाले, "चौकशी करतो."

चौकशीत त्यांचे चपलांचे दोन जोड झिजले. केंद्राच्या व्यवस्थापिका होत्या, त्यांना सगळे ताई म्हणत. ताई इतक्या हळू बोलत की समोरचा माणूस आपोआप पुढे वाकत जाई आणि शेवटी हात जोडल्यासारखा दिसे. डॉक्टरांचं पत्र हवं होतं. ते आणलं तर त्यावर शिक्का हवा होता. शिक्का आणला तर तो निळा हवा होता, जांभळा चालत नव्हता. शेवटी ताईंनी एक रिकामी बाटली पुढे ठेवली. उपचार घेऊन आलेल्या मुलांची लघवी तपासावी लागते. ठरलेल्या दिवशी, सकाळची पहिली, घरून सीलबंद आणायची. तीत काही निघालं नाही, की मुलगा सांगतो ते शुद्धीचे आठ महिने खरे धरायचे आणि शिक्षकवर्गात प्रवेश. बाटली बघून नमुनेसाहेबांना फार दिवसांनी आपल्या गावी आल्यासारखं वाटलं. सील कसं असावं यावर ते ताईंना बरंच काही सांगणार होते, पण ताईंनी डोळे मिटून घेतले होते.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी चिरंजीव उशिरा घरी आले. डोळे लाल. न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. ते कुठे गेले होते, हे पुढे कळलं. उपचार केंद्रातला त्यांचा एक मित्र पुन्हा गोळ्यांकडे वळला होता. चिरंजीव त्याचा निरोप घ्यायला गेले आणि त्याने दारातून यांना ओळखलंच नाही, म्हणून पायऱ्यांवर बसून रडले. पण हे पुढे कळलं. त्या रात्री विचारलं असतं तर त्या रात्रीच कळलं असतं. नमुनेसाहेबांनी विचारलं नाही. ते खोकत पडून राहिले, दोनदा उठून बाटली तोंडाला लावली, आणि तरीही झोप आली नाही.

पहाटे मुलगा गच्चीवर गेला होता. न्हाणीघराच्या खिडकीत बाटली भरून ठेवलेली होती. नमुनेसाहेबांनी ती दिव्यासमोर धरली. रंग ठीक, गढूळपणा नाही. याहून अधिक कळायला वेगळं यंत्र लागतं आणि ते पाणीपुरवठा खात्यात नसतं. बाटली कोमट होती. ती हातात धरून त्यांना अशी भीती वाटली, जशी मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा वाटली होती. ही बाटली अयोग्य निघाली तर तो पुन्हा कधी 'मनात आहे' म्हणणार नाही. लाज, अब्रू, इमारत, कशाचाही विचार त्यांच्या डोक्यात नव्हता, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, उकळत्या पाण्याने तीनदा विसळली आणि स्वतः भरून आणली. मग तिला सील केलं. काय सील केलं! शहरात ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

अहवाल घ्यायला बापलेक सामानासकट गेले, कारण वर्ग त्याच दिवशी सुरू व्हायचा होता. ताईंच्या खोलीत चटई, घड्याळ आणि शांतता होती. ताईंनी कागद वाचला, दुमडला आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात सांगितलं की लघवीत अफूच्या जातीचा अंश सापडला आहे, बराच.

"मी काहीही घेतलेलं नाही," मुलगा म्हणाला.

सुरुवातीला सगळे असंच म्हणतात, हे ताईंनी त्याला समजुतीने सांगितलं.

"पुन्हा तपासा," नमुनेसाहेब म्हणाले. "यंत्र चुकलं असेल." अयोग्य शेरा मिळालेले लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहून नेमकं हेच म्हणत आणि ते चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत. ताईंना चष्मा नव्हता. पुन्हा तपासणी महिन्याने होते, त्या म्हणाल्या, तसा नियम आहे.

इथे नमुनेसाहेबांना खोकल्याची उबळ आली. चांगली दणदणीत. हात सवयीने खिशात गेला, तपकिरी बाटली निघाली, बूच उघडलं आणि तोंडापर्यंत जाऊन हात थांबला. त्यांनी लेबल वाचलं. 'अफूचा अर्क' हे बारीक अक्षरांत होतं, पण बारीक अक्षरं वाचणं हाच तर त्यांचा धंदा.

त्यांनी मान वर केली तेव्हा मुलगा बाटलीकडेच बघत होता. मग त्याने वडिलांकडे बघितलं. बेसिनवर मिठाची बरणी मांडणाऱ्या त्या मुलाला सगळं कळायला तेवढं पुरे होतं. नमुनेसाहेबांनी तोंड उघडलं, पण त्याने आधी बोलून टाकलं.

"घेतलं होतं मी," तो ताईंना म्हणाला. "आदल्या दिवशी. मित्राकडे."

ताईंचा चेहरा उजळला. कबुली ही पहिली पायरी, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"नाही हो," नमुनेसाहेब उभे राहिले. "ती बाटली माझी होती. त्याची मी ओतून टाकली. हे बघा, हे औषध. मी घेतो हे. माझी तपासणी करा, आत्ता करा."

ताईंनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे दयेने पाहिलं. पालकांची तपासणी इथे होत नाही, त्या म्हणाल्या. मागच्याच वर्गातल्या एका मुलाच्या आईने गोळ्या आपल्याच संधिवाताच्या असल्याचं शपथेवर सांगितलं होतं. "तुमचं प्रेम मला कळतं. पण असं पाठीशी घालून घालूनच ही मुलं बिघडतात."

नमुनेसाहेब खाली बसले. त्यांच्यावर आयुष्यात नाना आरोप झाले होते. मुलाला पाठीशी घातल्याचा हा पहिलाच.

निकाल असा लागला, की शिक्षकवर्ग नाही. कबुली दिल्यामुळे प्रारंभवर्गात मात्र ताबडतोब जागा. तिथे सहा महिने बाहेर जाता येत नाही, भेटायला कुणी येत नाही, आणि शुद्धीचे दिवस आजपासून, पहिल्यापासून मोजायचे. मागचे आठ महिने गेले. जे खरोखर घडले होते, ते पुसले गेले.

फाटकापर्यंत दोघे चालत आले. पिशवी मुलाच्या खांद्यावर होती. नमुनेसाहेबांनी ती घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"कशाला सांगितलंस खोटं?"

"नमुनेसाहेबांनी नमुना बदलला, हे लोकांना कळलं असतं. एवढंच तर आहे तुमच्याकडे." त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "माझी बाटली कुठे ओतलीत?"

"बेसिनमध्ये."

"मीठसुद्धा तपासलंत तुम्ही, बाबा," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तेवढी एक बाटली तपासायची होती."

मग तो वाकून वडिलांच्या पाया पडला आणि आत गेला. फाटक बंद करणाऱ्या माणसाने नमुनेसाहेबांना बस कुठे मिळेल ते सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी ते उलट्या बाजूला चालत राहिले.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कंपाउंडर उभे होतेच. कमरेला उतार पडला का, असं त्यांनी विचारलं. आणि नमुनेसाहेबांनी सांगून टाकलं. योगासनं माझ्या कमरेसाठी नव्हती, मुलासाठी होती; तो गोळ्या घ्यायचा; आता आठ महिने घेत नाही, आठ महिने; त्याची बाटली मी ओतली, माझी भरली आणि तिच्यात तुमचं औषध निघालं. एवढं एका दमात सांगताना ते एकदाही खोकले नाहीत. त्यांचा हिशेब साधा होता. ताईंच्या कागदावर जे लिहिलं जाणार नव्हतं, ते निदान कंपाउंडरांच्या तोंडून इमारतभर जाईल. आयुष्यभर जपलेल्या अब्रूवर पाणी सोडून ते जिना चढले. बायकोला सगळं सांगितलं. मग उठून तिने मिठाची बरणी बेसिनवरून उचलली, पुसली आणि परत तिथेच ठेवली.

दोन दिवसांनी ती बाहेरून आली ती लाल चेहऱ्याने. बातमी इमारतीत पोचली होती, पण जिना चढताना तिचं रूप पालटलं होतं. आपण दिलेल्या औषधाचा भाग कंपाउंडरांनी अर्थातच गाळला होता, आणि तो गाळल्यावर जे उरलं ते असं, की नमुनेसाहेबांना नशेचं व्यसन आहे. फार जुनं. कंबर वगैरे सगळं सोंग. बिचारा मुलगा बापाला सुधारायला पहाटे गच्चीवर नेत होता, शेवटी हात टेकून संन्यास घेऊन निघून गेला. असा गुणी मुलगा, असं समोरच्या आजी म्हणाल्या होत्या. सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली परत मागवली होती आणि फळीसुद्धा.

"अहो, मी जाऊन खरं काय ते सांगून येते," बायको म्हणाली. "एकेकीला धरून सांगते."

नमुनेसाहेब खिडकीपाशी बसले होते. टेबलावर ती तपकिरी बाटली होती, तिच्यावर चिठ्ठी डकवलेली, ठिकाण, तारीख, सही.

"त्याच्याबद्दल काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "पुन्हा सांग."

"गुणी मुलगा म्हणतात. त्याला काही बोलत नाहीत. सगळं तुमच्यावर."

"मग राहू दे," ते म्हणाले. "नमुना माझाच होता."

बायकोने चपला काढल्या आणि चहाचं आधण ठेवलं.